डाव्या गालातला करंट: ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, गोळ्या आणि ऑपरेशन

ज्यांना दात घासताना, तोंडावर पाणी मारताना, नुसतं बोलताना सुद्धा गालात करंट बसल्यासारखी कळ येते आणि डेंटिस्टकडे एक्सरे काढला तरी धड काही सापडत नाही त्यांच्यासाठी हे सगळं लिहून काढतेय. मला हा त्रास अडीचेक वर्षं होता आणि त्यातलं जवळजवळ पहिलं वर्ष डेंटिस्टच्या खुर्चीतच गेलं. आजाराचं नाव ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याचा स्पर्श मेंदूकडे नेणाऱ्या ट्रायजेमिनल नावाच्या नर्व्हचं दुखणं. जड आहे पण लक्षात ठेवा, कारण हे नाव कळलं की योग्य डॉक्टर सापडतो, योग्य गोळी सापडते, आणि नाही कळलं तर माणूस एकेक दाढ काढत बसतो.

मी सांगलीची, वय 56, विमा एजंट आहे. म्हणजे बोलणं हेच काम. सकाळी दोन घरं, दुपारी ऑफिस, संध्याकाळी परत कुणाकडे तरी चहा आणि हप्त्याचं बोलणं. पहिली कळ आली ती थंडीच्या दिवसांत, खालच्या डाव्या बाजूच्या मागच्या दाढेत, चूळ भरताना. एक-दोन सेकंद असेल, पण हातातला तांब्या सुटून मोरीत पडला. मग लगेच सगळं गायब, ठणका नाही, सूज नाही, काही नाही. मी म्हटलं गार पाण्याने झालं असेल. आठवडाभर काही नाही, मग परत, मग दिवसातून चार-पाच वेळा, मग मोजणंच सोडलं.

दाढ थोडी किडलेली होतीच त्यामुळे रूट कॅनाल झालं. त्याने काही फरक नाही. मग म्हणाले शेजारची असेल, ती काढली. इथे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे कारण खूप जणांची इथेच फसगत होते. दाढ काढायच्या आधी जबड्यात भूल देणारं इंजेक्शन दिलं आणि अर्धा ओठ बधिर झाला, तर त्या बधिरपणात मला दोन-तीन तास एकही कळ आली नाही. सगळ्यांना वाटलं बघा, दाढच होती. पुढे न्यूरोलॉजिस्टनी समजावलं की ते इंजेक्शन ज्या नर्व्हला बधिर करतं ती ट्रायजेमिनलचीच खालची फांदी आहे, बिघाड दाढेत असो नाहीतर पार मागे मेंदूजवळ असो, पुढचा स्पर्श आत पोचलाच नाही तर कळ सुरूच होत नाही. म्हणजे इंजेक्शनने बरं वाटलं म्हणून दुखणं दाढेचंच असं होत नाही. ती काढलेली दाढ चांगली धडधाकट होती, तिचं मला अजून वाईट वाटतं.

हळूहळू कळायला लागलं की कळ आपोआप येत नाही, कशाने तरी सुरू होते. ब्रशचे केस हिरडीला लागले की. पंख्याचा वारा डाव्या गालावर आला की. भाकरीचा तुकडा चावला की. आणि बोलताना, त्यातही ओठ मिटून काढायचे शब्द आले की हमखास. आमच्या धंद्यात पॉलिसी आणि प्रीमियम हे दोन शब्द दिवसात शंभरदा बोलायला लागतात, आणि प म्हणताना ओठ ओठाला लागला की डाव्या बाजूला वीज चमकायची. मी क्लायंटसमोर बोलता बोलता थांबायचे, डोळ्यातून पाणी, हात गालाजवळ पण गालाला न लावता तसाच हवेत धरलेला. समोरच्याला वाटायचं बाईंना काय झालं. फोनवर बोलणं जवळजवळ बंदच केलं, मेसेज टाइप करून पाठवायचे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नथ घालायला घेतली आणि तेव्हा पहिल्यांदा वरच्या बाजूला गेलं, नाकपुडीच्या कडेपासून डोळ्याखालपर्यंत. नथीचा तो मोत्यांचा गुच्छ नाकाच्या बाजूला नुसता टेकला होता. मी पाटावर बसलेली तशीच आडवी झाले. जाऊबाईंनी घाईघाईने नथ काढली, काढताना परत तेच. त्या दिवसापासून नथ कपाटात.

खाणं कमी झालं. आमटीत कुस्करलेली भाकरी सुद्धा उजवीकडून हळूहळू गिळायची. वजन दिसण्याइतकं उतरलं. नातू गालाला हात लावायला यायचा तर मी मागे सरायचे आणि ते पोर हिरमुसून बसायचं, त्याला काय समजावणार. घरात सगळ्यांनी आपापल्या परीने उपाय सांगितले, लवंग धरा, तुरटीच्या गुळण्या करा, वाताचं आहे तेल लावा (तेल लावायला गालाला हात तर लागला पाहिजे ना). आणि एकदा सगळे एक्सरे नॉर्मल म्हटल्यावर मग दुसरं सुरू होतं, टेन्शनचं असेल, वयाचं असेल, मन रमवा. कळ येते तेव्हा मी काय अवस्थेत असते हे फक्त ह्यांनी रोज बघितलेलं, म्हणून ते कधी तसं म्हणाले नाहीत, त्याचा मला फार आधार होता.

आजार ओळखला तो आमच्या फॅमिली डॉक्टरांनी, आणि तेही बीपीच्या गोळ्या लिहून घ्यायला गेले होते तेव्हा. बोलताना मी मध्येच थांबले, त्यांनी पेन खाली ठेवलं. विचारलं, "किती वेळ टिकतं?" मी म्हटलं काही सेकंद. "मधल्या वेळात दुखतं?" नाही, काहीच नाही. "रात्री झोपेतून उठवतं का?" मी विचार केला, आणि खरंच, झोप लागली की नाही उठवत. "गालाला कुठे ठराविक जागी हात लागला की येतं?" हो. "डाव्या बाजूची कधी उजवीकडे जाते?" कधीच नाही. पाच प्रश्न. मग म्हणाले, "ताई, हे दाताचं नाही वाटत मला. आता एकही दात काढू नका. मिरजेला न्यूरोलॉजिस्टना दाखवा, चिठ्ठी देतो."

न्यूरोलॉजिस्टकडची तपासणी मला सविस्तर सांगायची आहे कारण मी अशी तपासणी आयुष्यात पहिल्यांदा बघितली, मशीन नाही काही नाही, एक टॉर्च, कापूस, टाचणी आणि एक लोखंडी चिमटा. मेंदूतून थेट निघणाऱ्या नर्व्हच्या 12 जोड्या असतात, कर्परचेता म्हणून शाळेच्या पुस्तकात एक ओळ असते ती हीच. बाकी शरीराच्या 31 जोड्या पाठीच्या कण्यातून निघतात, पण डोकं आणि चेहऱ्याचा बहुतेक सगळा कारभार या बारांकडे आणि त्यातली एक दहावी तर मानेतून खाली उतरून हृदय, फुप्फुसं, जठर इथपर्यंत जाते. डॉक्टर म्हणाले तुमचं दुखणं पाचवीचं, म्हणजे ट्रायजेमिनलचं वाटतंय पण मी बाराही बघणार, कारण शेजारची एखादी सुद्धा बिघडलेली निघाली तर आजार वेगळा असू शकतो.

सुरुवात वासापासून. डोळे मिटून एकेक नाकपुडीने कॉफी ओळखायची, ही पहिली. मग एकेक डोळा झाकून अक्षरं वाचायची आणि कडेने त्यांची हलणारी बोटं कधी दिसतात ते सांगायचं, ही दुसरी. मग डोकं न हलवता डोळ्यांनी पेनाच्या टोकाच्या मागे जायचं आणि टॉर्चने बाहुली बारीक होते का ते बघणं, यात तिसरी, चौथी, सहावी तिन्ही आल्या. पाचवी त्यांनी मुद्दाम बाजूला ठेवली. सातवीसाठी भुवया वर करा, डोळे घट्ट मिटा मी उघडतो, दात दाखवा, गाल फुगवा. (गाल फुगवताना मला कळ आलीच, ते थांबले, पाणी दिलं, घाई केली नाही.) आठवीसाठी तो चिमटा वाजवून कानाशी धरला आणि मग कानामागच्या हाडावर टेकवला, कुठे जास्त वेळ ऐकू येतं ते विचारलं. आ करा म्हटल्यावर घशातली पडजीभ सरळ वर जाते की एका बाजूला ओढली जाते, ही नववी-दहावी. खांदे उचला मी दाबतो, अकरावी. जीभ बाहेर काढा, सरळ येते का, बारावी.

आणि मग पाचवी. आधी उजवा चेहरा, कपाळ, गाल, हनुवटी, तिन्ही जागी कापूस आणि टाचणी. मग डावं कपाळ. मग त्यांनी विचारलं, "डाव्या गालाला हात लावू का? नको असेल तर नाही लावणार." इतक्या लोकांनी तोवर माझा गाल दाबून बघितला होता, परवानगी पहिल्यांदाच कुणी मागितली. मी हो म्हटलं. कापसाचं टोक नाकपुडीजवळ टेकलं आणि कळ आली, पण त्यांना जे बघायचं होतं ते मिळालं. दोन्ही बाजूंना स्पर्श सारखाच कळत होता, कुठेही बधिरपणा नव्हता. डोळ्याच्या बुबुळाला कापसाचा धागा लावल्यावर पापणी मिटत होती, म्हणजे पाचवीने स्पर्श आत नेला आणि सातवीने पापणी मिटवली. जबडा उघडताना सरळ उघडत होता, म्हणजे चावायच्या स्नायूंना जाणारा पाचवीचा भागही शाबूत. चेहऱ्यावर बधिरपणा असता तर गाठ वगैरेचा संशय वाढला असता असं ते म्हणाले.

मग त्यांनी चिठ्ठीच्या मागे चेहरा काढला आणि कानाच्या पुढून तीन फांद्या ओढल्या. वरची कपाळ आणि डोळ्याकडे, मधली गाल, नाकपुडी, वरचे दात, खालची खालचे दात, हनुवटी आणि जिभेचा पुढचा भाग, त्यातला स्पर्श हं, चव सातवीकडे. बारातली सगळ्यात जाड नर्व्ह हीच. चेहरा हलवते सातवी, पण चेहऱ्याला जे जे लागतं, टोचतं, गार-गरम वाटतं ते मेंदूपर्यंत नेते पाचवी. माझी कळ मधल्या आणि खालच्या फांदीतली, बहुतेकांची तिथेच असते, नुसती कपाळात फार कमी जणांना. हा आजार पन्नाशीनंतर जास्त, बायकांना जास्त, आणि उजव्या बाजूला जास्त, मला तेवढं डावीकडे. दर लाख लोकांमागे वर्षाला साधारण 4 ते 13 नवे पेशंट म्हणतात, म्हणजे दुर्मिळ, त्यामुळे सगळ्यांना पटकन सुचत नाही हेही मान्य.

कारण काय तर ही नर्व्ह मेंदूच्या देठातून जिथे बाहेर पडते तिथे एखादी रक्तवाहिनी तिला चिकटून बसते, प्रत्येक ठोक्याला ती उडते आणि नर्व्हवर आपटते, वर्षानुवर्षं. वायरचं प्लास्टिक घासून निघालं की आतल्या तारा एकमेकींना लागतात ना, तसं नर्व्हवरचं आवरण झिजतं आणि स्पर्शाचा निरोप नेणारे तंतू शेजारच्या वेदनेच्या तंतूंना पेटवतात. म्हणून नुसत्या वाऱ्याची कळ होते. हे ऐकलं आणि मला रडू आलं, कारण माझ्या दुखण्याला एक जागा होती, खरी जागा.

एमआरआय झाला, त्यात नेहमीच्या चित्रांबरोबर नर्व्ह आणि रक्तवाहिन्या बारीक दिसाव्यात म्हणून पातळ कापांची वेगळी चित्रं घ्यायला सांगितलेली. हे मुद्दाम सांगते, कारण साध्या एमआरआयमध्ये ही भेट नीट दिसेलच असं नाही, चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या. आत आवाज भयंकर, पण मला भीती आवाजाची नव्हती, डोक्याभोवती जो पिंजरा बसवतात तो गालाला लागेल याची होती. टेक्निशियन मुलगी चांगली होती, तिने आधी दाखवला, मध्ये जागा किती आहे ते बोट घालून दाखवलं. रिपोर्ट आला, गाठ नाही, मल्टिपल स्क्लेरॉसिसचे डाग नाहीत (नर्व्हवरचं आवरण खराब करणारा हा वेगळा आजार, तरुण पेशंटमध्ये ते आवर्जून बघतात), आणि डाव्या पाचवीला वरून रक्तवाहिनीचा एक वळसा टेकलेला.

गोळी सुरू झाली कार्बामाझेपिन. मुळात फिटसाठीचं औषध, पण 1962 पासून या दुखण्यासाठी वापरतात आणि आजही पहिली गोळी हीच. सुरू करायच्या आधी रक्तातली एक जनुकीय तपासणी केली, कारण काही आशियाई लोकांच्यात एका ठराविक जनुकामुळे या गोळीने कातडीची जीवघेणी रिअॅक्शन येऊ शकते. शिवाय सांगून ठेवलं की अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप असं काही दिसलं तर वाट न बघता ताबडतोब या. 100 मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवत नेली. आणि खरं सांगते, दोन-तीन दिवसांत मी तोंड धुतलं, दोन्ही हातांनी, पाणी मारून. या गोळीने असा झटक्यात फरक पडतो हीसुद्धा निदान बरोबर असल्याची एक खूण मानतात. साध्या पेनकिलरचा या कळेवर काही परिणाम होत नाही, मी पोतंभर खाल्ल्या असतील.

ते पुढचे सात-आठ महिने बरे गेले पण डोस वाढत गेला. सकाळी उठलं की घर फिरायचं, भिंत धरून मोरीपर्यंत जायचं. वीस-वीस वर्षांच्या क्लायंटची नावं ओठावर यायची नाहीत. मग एका आठवड्यात मळमळ, सारखी झोप, मी काहीतरी असंबद्ध बोलतेय असं ह्यांच्या लक्षात आलं, दवाखान्यात नेलं तर सोडियम 124. ते 135 ते 145 च्या मध्ये असायला हवं. या गोळीने शरीर पाणी धरून ठेवतं आणि रक्तातलं सोडियम उतरतं, वयस्कर लोकांना जास्त. जे कुणी ही गोळी घेताय त्यांनी सोडियम, लिव्हर आणि रक्तपेशींची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा चुकवू नका, आणि स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका. माझा डोस कमी केला आणि कळा परत आल्या, आधीपेक्षा जोरात. तेव्हा न्यूरोलॉजिस्ट म्हणाले आता सर्जनचं मत घेऊ.

पुण्याच्या सर्जननी तासभर दिला. मला त्यांचं आवडलं ते हे की त्यांनी सगळे पर्याय समोर ठेवले. गालातून सुई घालून नर्व्हच्या गाठीपर्यंत (ट्यूमर नव्हे, तिन्ही फांद्या जिथे एकत्र येतात ती मूळची गाठ) जायचं आणि ती उष्णतेने थोडी जाळायची किंवा छोट्या फुग्याने दाबायची, कवटी उघडायला लागत नाही, वय जास्त असेल, हार्ट वगैरेचा त्रास असेल त्यांना बरं, पण गाल बऱ्यापैकी बधिर होतो आणि काही वर्षांनी दुखणं परत येऊ शकतं. गॅमा नाइफ म्हणजे किरणांनी, कापाकापी नाही पण गुण यायला काही आठवडे ते महिने लागतात. आणि तिसरं एमव्हीडी (मायक्रोव्हॅस्क्युलर डीकंप्रेशन), कानामागून कवटीला छोटं भोक पाडून ती रक्तवाहिनी नर्व्हपासून अलग करायची आणि मध्ये टेफ्लॉनचा कापसासारखा तुकडा ठेवायचा. मूळ कारणावरच इलाज आणि नर्व्हला इजा करायची नसते. रक्तवाहिनी दाबते ही गोष्ट वॉल्टर डँडी नावाच्या अमेरिकन सर्जननी 1934 सालीच लिहून ठेवली होती, पण मायक्रोस्कोपखाली ती अलग करायची पद्धत बसवली पीटर जॅनेटांनी 1967 च्या सुमाराला. त्यांच्या टीमने 1996 मध्ये 1185 पेशंटचा हिशोब छापला, दहा वर्षांनंतर 70 टक्के लोकांना गोळीशिवाय कळा नव्हत्या. मी आयुष्यभर लोकांना जोखीम समजावून सांगत आलेय, मला 70 हा आकडा प्रामाणिक वाटला. कुणी शंभर टक्के म्हटलं असतं तर उठून आले असते.

जोखमीही सांगितल्या. त्या बाजूचं ऐकू येणं जाऊ शकतं, साधारण शंभरात एक-दोघांचं, कारण सातवी आणि आठवी नर्व्ह तिथेच खाली एकमेकींना लागून कानाकडे जातात आणि आठवी फार नाजूक. चेहरा तात्पुरता वाकडा होणं, मेंदूभोवतीचं पाणी जखमेतून किंवा नाकातून गळणं, इन्फेक्शन, आणि अगदी क्वचित स्ट्रोक किंवा मृत्यू. घरात दोन दिवस चर्चा झाली. सासूबाई म्हणाल्या डोकं उघडायचं म्हणजे काय गं, गोळ्या घे ना. मी म्हटलं, आई, गोळ्या घेतल्या तर डोकं चालत नाही आणि नाही घेतल्या तर तोंड चालत नाही. त्या मग गप्प झाल्या आणि देवापाशी सुपारी ठेवून आल्या.

मेडिक्लेमचं एक, माझ्या धंद्यातलं आहे म्हणून. अपघात सोडला तर दातांचा खर्च बहुतेक पॉलिसीत धरत नाहीत, त्यामुळे तो वर्षभराचा खर्च खिशातून गेला. पण हे मेंदूचं ऑपरेशन म्हणून मंजुरीला जातं. न्यूरोलॉजिस्टची पहिली चिठ्ठी, एमआरआय, औषधांच्या डोसचे सगळे कागद आणि सोडियमचा रिपोर्ट एका फाइलला लावून ठेवा, गोळीने का भागलं नाही हे कागदावर दिसलं पाहिजे.

ऑपरेशनच्या दिवशी डाव्या कानामागचे चार बोटं रुंद केस काढले, पूर्ण टक्कल करत नाहीत. भूल दिल्यावरचं अर्थातच मला नंतर कळलं. उजव्या कुशीवर झोपवतात, डोकं तीन पिनांच्या चापात घट्ट धरतात, दोन्ही कानांत बारीक क्लिक क्लिक आवाज सोडतात आणि मेंदूत तो पोचतोय का ते पूर्ण वेळ स्क्रीनवर बघतात, आठवीवर ताण पडला की तिथे लगेच दिसतं. सातवीसाठी चेहऱ्याच्या स्नायूंत बारीक सुया. म्हणजे दुरुस्ती पाचवीची आणि पहारा सातवी-आठवीवर.

मायक्रोस्कोपमधून घेतलेला व्हिडिओ सर्जननी नंतर आम्हाला दाखवला. ह्यांनी मान फिरवली, मी पूर्ण बघितला. आधी मेंदूभोवतीचं पाणी वाहून जातं आणि लहान मेंदू आपोआप मागे सैल पडतो, फार ओढायला लागत नाही. मग एक पातळ जाळीदार पडदा कापतात. खाली दोन पांढऱ्या दोऱ्या शेजारी शेजारी, त्या सातवी आणि आठवी. आणि वर, आणखी खोल, एक जाड पांढरी पट्टी, ती माझी पाचवी. तिच्यावर लाल रक्तवाहिनीचा वळसा, प्रत्येक ठोक्याला उचलतोय आणि परत बसतोय, उचलतोय आणि बसतोय. सर्जननी बारीक हुकाने तो वळसा हळूच उचलून धरला आणि खाली नर्व्हवर एक खळगा पडलेला दिसला, थोडा करडा रंग, बाकी नर्व्ह पांढरी शुभ्र. दोन-तीन मिलिमीटरची जागा असेल. तिथून माझी नथ गेली होती, माझी भाकरी गेली होती. मी त्यांना तेवढाच भाग परत लावायला सांगितला. मग टेफ्लॉनचे छोटे तुकडे आत सरकवले आणि वळसा नर्व्हपासून बाजूला राहिला, तो उडतच होता पण आता कापसावर.

आयसीयूत जाग आली तेव्हा डोकं प्रचंड जड, उलटीची भावना, मानेत ताठरपणा. नर्स दर तासाला येऊन तेच करायची जे मिरजेला झालं होतं, डोळे मिटा, दात दाखवा, बोट चोळते ऐकू येतं का, आणि पाणी द्यायच्या आधी चमचाभर गिळून ठसका लागतो का ते बघितलं, नववी-दहावीसाठी. मला आता प्रत्येक गोष्ट का करतायत ते कळत होतं, त्यामुळे भीती कमी वाटत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ओला टॉवेल दिला, तोंड पुसा म्हणाली. मी उजवा गाल पुसला आणि टॉवेल हातात धरून बसले. ती म्हणाली, "मावशी, डावा पण." पुसला. काही नाही झालं. नाकपुडीजवळ पुसला, ओठावर दाबून पुसला, काही नाही. ह्यांना आत बोलावलं आणि मी पहिला शब्द बोलले तो प्रीमियम, मुद्दाम, तीन-चार वेळा. ते बिचारे घाबरले.

सगळं लगेच गोड झालं असं नाही. काही दिवसांत डाव्या ओठावर पाण्याचे फोड आले, बारीक बारीक घोळक्याने. मला वाटलं इन्फेक्शन. तर नागिणीच्या जातभाईचा व्हायरस असतो, हर्पिस सिम्प्लेक्स, तो लहानपणी कधीतरी आत शिरून पाचवीच्याच गाठीत झोपून राहिलेला असतो, आणि त्या नर्व्हला हात लागला की कधी कधी जागा होऊन तिच्याच रस्त्याने ओठावर येतो. गोळ्या आणि मलमाने आठवड्याभरात गेले. डोकं दुखणं आणि चालताना थोडं हेलकावणं आणखी काही आठवडे होतं. वाकायचं नाही, जोर करायचा नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही, नाकातून पातळ पाणी येतंय का यावर लक्ष. कार्बामाझेपिन एकदम बंद केली नाही, दोन महिन्यांत पायरीपायरीने उतरवली, आणि जशी उतरली तशी नावं आठवायला लागली, ते मला कळा थांबण्याइतकंच मोठं वाटलं.

आता वर्ष होऊन गेलं. हनुवटीच्या डाव्या कोपऱ्यात रुपयाएवढी जागा थोडी बोथट आहे, लिपस्टिक पसरली तरी तिथे कळत नाही, बाकी काही नाही. कान दोन्ही व्यवस्थित. कळ परत येऊ शकते हे मला माहीत आहे, त्या 70 टक्क्यांच्या पलीकडचे 30 पण माणसंच आहेत, पण आज ब्रश करताना हात थरथरत नाही.

ओळखीतून ओळखीतून लोक फोन करतात आणि मी प्रत्येकाला तेच पाच प्रश्न विचारते जे मला डॉक्टरांनी विचारले होते. मध्यंतरी जयसिंगपूरच्या एक बाई, दाढ काढायची तारीख मिळालेली, म्हणाल्या तुमच्यासारखंच वाटतंय. विचारलं तर गरम चहाने दुखणं चढायचं आणि चहा संपल्यावरही अर्धा तास ठणकत राहायचं, रात्री झोपेतून उठवायचं, गालाला वारा लागून काही व्हायचं नाही. मी सांगितलं हे माझ्यासारखं नाही वाटत, तरी दाढ काढायच्या आधी डेंटिस्टना नीट विचारा वाचवता येईल का, आणि मनाला खात्री नसेल तर दुसरं मत घ्या. त्यांनी घेतलं. दुखणं दाढेचंच होतं, आत पू झालेला, पण दाढ वाचण्यासारखी निघाली. रूट कॅनाल झालं, कॅप बसली, आता त्याच बाजूने खातायत.